भीतीला व्रताचं नाव

गेल्या जुलैत लेकीचा बेंगळुरूहून फोन आला. "आई, डिसेंबरात अंदमानला जायचं. बेळगावहून बेंगळुरू, तिथून पुढचं विमान. बाबांना सांग, नाही म्हणायचं नाही." ह्यांनी शेजारी बसून सगळं ऐकलं होतं. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. 'एकदा निळा समुद्र बघायचा' हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे. ते लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून डिसेंबरचं पान शोधायला लागले.

मी म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी यंदा चातुर्मासात दिग्व्रत घ्यायचं म्हणतेय."

हे वाक्य तोंडातून कसं निघालं, माझं मलाच कळलं नाही. दिग्व्रताचा विचार त्याआधी कधी मनात आला नव्हता. मनात होतं ते एवढंच, की विमानात बसायचं नाही. पण तसं सरळ सांगायची लाज वाटली. पन्नाशी उलटलेली बाई, घरात नातवंड, आणि विमानाला भिते म्हणून काय सांगायचं? त्यापेक्षा व्रत बरं. व्रतापुढे आपल्या घरात कुणी बोलत नाही.

ह्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. "तुला व्रत घ्यायचं असेल तर राहू दे. एकट्यानं काय बघायचं?" एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

या भीतीचं मूळ सांगते. नऊ-दहा वर्षांपूर्वी आम्ही शिखरजीच्या यात्रेला गेलो होतो. पहाटे अंधारात निघून पर्वतावर चढायचं, टोंकांची वंदना करायची आणि उतरायचं. सगळं मिळून सत्तावीस किलोमीटर. पाय सुजले, पण मन भरून आलं होतं. वाटेत आम्ही बायका म्हणत होतो, देह वेगळा आणि आत्मा वेगळा. आणि तिसऱ्या दिवशी कोलकात्याहून परतताना विमान ढगात शिरलं आणि हलायला लागलं, तर मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात असा धरला की तिच्या मनगटावर माझ्या नखांच्या खुणा उठल्या. त्या वेळी कुठला देह आणि कुठला आत्मा! णमोकारसुद्धा पुरता आठवेना. त्यानंतर मी विमानाचं नाव काढलं नाही. दिल्लीच्या लग्नाला रेल्वेनं गेले, हैदराबादला रात्रभर बसनं. कुणी विचारलं तर म्हणायची, "रेल्वेत कसं, डबा सोडून निवांत जेवता येतं."

अंदमानला मात्र रेल्वे जात नाही. त्यात फोन आला त्याच्या आदल्याच महिन्यात, १२ जूनला, अहमदाबादची दुर्घटना झाली होती. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. ती दृश्यं टीव्हीवर दिवसभर चालू होती आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन येऊन ती बघत होते. भीती वाटणाऱ्या माणसाला भीतीचीच ओढ असते, हे तेव्हा कळलं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. मी दिग्व्रत घेणार ही बातमी महिला मंडळात पोचली. कशी पोचली विचारू नका, मीच सांगितली. एक काकू म्हणाल्या, "लेक विमानानं न्यायला तयार असताना हिनं मर्यादा घातली. याला म्हणायचं वैराग्य!" दुसरी म्हणाली, "आम्हाला जमायचं नाही बाई." मी खाली बघून हसले. नको नको म्हणाले, पण आतून सुखावले. घरी येताना पाय हलके पडत होते. भीती लपली होती ती लपलीच, वर मानही मिळाला.

दिग्व्रत काय असतं ते आपल्याला माहीत आहे. श्रावकाच्या तीन गुणव्रतांपैकी ते पहिलं. चारी दिशांना आयुष्यभरासाठी मर्यादा घालून घ्यायची, की याच्या पलीकडे मी जाणार नाही. 'रत्नकरंड श्रावकाचारा'त आचार्य समंतभद्रांनी अशा मर्यादेच्या खुणा म्हणून समुद्र, नदी, अरण्य, पर्वत यांची नावं दिली आहेत. हेतू असा, की त्या रेषेपलीकडचा आपला लोभ, आपला आरंभ, आपल्या हातून होणारी हिंसा, सगळं थांबावं. म्हणजे हातात येऊ शकणारी गोष्ट आपण सोडायची. मी काय सोडत होते? ज्याची मला इच्छाच नव्हती, उलट ज्याच्यापासून मला पळायचं होतं, ते. न आवडणारी भाजी सोडून त्यागाचं पुण्य मागणाऱ्या लहान मुलासारखं झालं हे.

हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आलं ते दशलक्षणात. आमच्या बस्तीत एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे सरळपणा; मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असणं. प्रवचन झालं आणि मी वंदामि करून पुढे बसले. म्हटलं, "माताजी, मला दिग्व्रत द्या. पूर्वेला एवढं, पश्चिमेला एवढं."

माताजींनी विचारलं, "समुद्र मर्यादेबाहेर का ठेवलास?"

मी गप्प. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "अंदमानला रेल्वे जात असती, तर गेली असतीस?"

माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. मागे बसलेल्या दोघी हसल्या. माताजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुला दिशेची मर्यादा नको आहे, तुला भीतीला दार हवं आहे. व्रत तुला पुढे कधीही देईन. आधी घरी जाऊन खरं सांग."

मला रडू आलं. अपमान झाला म्हणून नव्हे. ह्यांनी कॅलेंडर परत अडकवलं तो क्षण डोळ्यांपुढे आला म्हणून.

त्या रात्री मी बराच विचार केला. भीती वाटणं हा माझा अपराध आहे का? आपल्या शास्त्रात भय ही चार संज्ञांपैकी एक. आहार, भय, मैथुन, परिग्रह. मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांना ती असते. नोकषायातही भय आहे. आणि सम्यग्दृष्टी जीव सात भयांपासून मुक्त असतो असं सांगताना मरणभय, वेदनाभय, अकस्मात्भय अशी ती सातही नावं घेतली आहेत. म्हणजे माझी विमानाची भीती आचार्यांनी विमान निघण्याच्या कितीतरी आधी ओळखून ठेवली होती. अकस्मात्भय आणि मरणभय, दोन्ही एकाच खुर्चीत. ती जाईल तेव्हा जाईल. तेवढी माझी पायरी नाही. भय हे कर्माच्या उदयानं येतं. पण त्या भयाला व्रताचा पदर पांघरणं हे मी स्वतः, समजून-उमजून केलं होतं. ती माया. उमास्वामींनी व्रती कुणाला म्हणायचं हे सांगताना पहिली अट घातली ती शल्य नसण्याची, आणि तीन शल्यांत माया आहेच. काटा पायात ठेवून चालायला निघाले होते मी.

यावर कुणी म्हणेल, न जाणं वाईट आहे का? नाही. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराजांना आलं होतं. साधूला वाहन वर्ज्य, म्हणून ते गेले नाहीत. पण त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना तयार करून पाठवलं आणि जैन धर्माची ओळख त्या सभेला झाली. तेव्हा समाजातल्या काहींनी वीरचंदांच्या समुद्रप्रवासाला विरोध केला होता. मला यात फरक दिसतो. आचार्यांचं खरं व्रत होतं. ते स्वतः थांबले, पण दुसऱ्याची वाट त्यांनी मोकळी केली. विरोध करणाऱ्यांना परदेशाची, विटाळाची भीती होती आणि तिला त्यांनी धर्माचं नाव दिलं. ती भीती स्वतः तर हलत नाहीच, दुसऱ्यालाही हलू देत नाही. माझ्या खोट्या व्रतानं तरी दुसरं काय केलं? ह्यांचा निळा समुद्र बुडवला. आपण चार दानांत अभयदान मोजतो, किडामुंगीला जपतो, आणि घरातल्या माणसाला मात्र आपल्या भीतीच्या रिंगणात बसवून ठेवतो.

सकाळी चहाच्या वेळी ह्यांना सांगितलं, "मला व्रत-बिरत घ्यायचं नव्हतं. मला विमानाची भीती वाटते. खूप."

ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाही?"

"तू व्रत म्हणालीस. मी काय बोलणार?"

बघा, केवढी सोय करून ठेवली होती मी.

तिकिटं निघाली. भीती काही कमी झाली नाही, पण आता ती उघड्यावर होती, म्हणून तिच्याशी बोलता येत होतं. आमच्या शेजारचे काका सांबऱ्याला हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला कागदावर विमान काढून समजावलं. "वहिनी, उडाल्यावर खालून धाडकन आवाज येईल, ती चाकं आत जातात. मग इंजिनाचा आवाज एकदम कमी होईल. तुम्हाला वाटेल पडलं. पडत नाही, वर चढायला लागलेला जोर पायलट कमी करतो. पंख वरखाली हलताना दिसतील, ते हलावेत म्हणूनच तसे केलेत. इंजिनं बंद पडली तरी विमान दगडासारखं खाली येत नाही, ते तरंगत उतरवता येतं. पट्टा घट्ट ठेवा आणि पंखाजवळची जागा मागा, तिथे हादरे कमी लागतात." शिवाय त्यांनी सांगितलं, की २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त माणसं गेली, आणि पुण्याला जाताना तुम्ही गाडीत डुलकी काढता. आकडा डोक्याला पटला. पोटाला पटला नाही. पण आवाजांचा अर्थ कळला त्याचा उपयोग झाला. न कळलेला आवाजच जास्त घाबरवतो.

दुसरी तयारी आपल्या घरातलीच. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हणताना सत्तावीस श्वासोच्छ्वास होतात. एका मंत्राला तीन. इतकी वर्षं मी ते घाईनं उरकत होते. महिनाभर रोज संध्याकाळी नीट मोजून केलं. विमान पडू नये म्हणून नव्हे. णमोकार काही विम्याची पॉलिसी नाही. श्वास आपल्या ताब्यात राहावा एवढ्यासाठी.

डिसेंबरात निघालो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हावं म्हणून लेकीनं सकाळचीच विमानं बघितली होती. बेळगावहून उडाल्यावर काकांनी सांगितलेला आवाज आला, तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "चाकं!" पुढचे गृहस्थ वळून बघायला लागले. दुसऱ्या विमानात, खाली नुसतं पाणी असताना, हादरे सुरू झाले. तळहाताला घाम सुटला, घसा कोरडा पडला. एक मंत्र, तीन श्वास. दोनदा मोजणी चुकली, पुन्हा सुरू केली.

ह्यांनी विचारलं, "भीती वाटायलीय?"

"वाटायलीय," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी धरला. या वेळी नखं लावली नाहीत.

समुद्र निळा होता. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लहान मुलासारखे पाण्यात उभे राहिले. मी किनाऱ्यावर बसून बघत होते. हे बघायचं राहून गेलं असतं, आणि का राहिलं ते कुणालाही कळलं नसतं. परतीच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही, तेही खरं सांगून टाकते.

परत आल्यावर मंडळात मी सगळं सांगितलं. वैराग्य वगैरे काही नव्हतं, भीती होती म्हणाले. दोघी-तिघींनी माना खाली घातल्या, मला वाटलं आता मान गेला. सभा संपल्यावर त्याच काकू, ज्यांनी मला वैरागी म्हटलं होतं, चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "लेकाचं घर अकराव्या मजल्यावर आहे. मला लिफ्टमध्ये गुदमरतं. पाच वर्षं झाली, सगळ्यांना सांगते तिथलं पाणी सोसत नाही."

मी विचारलं, "लेकाला ठाऊक आहे?"

त्या म्हणाल्या, "नाही. आज सांगते."