ढेकणांची गादी आणि शेजाऱ्याचा हक्क

समजा, तुमच्या घरातील गादीत ढेकूण झाले. तुम्ही ती भंगारवाल्याला विकली किंवा सदका म्हणून एखाद्या गरजू कुटुंबाला देऊन टाकली. घर मोकळे झाले. पण तुम्ही जबाबदारीतून मोकळे झालात काय?

इंग्लंड व वेल्समधील १९६१ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचे ३७ वे कलम याच प्रश्नाविषयी आहे. घरगुती वस्तू कीडग्रस्त आहे हे ठाऊक असताना व्यापाऱ्याला ती विकता येत नाही, विक्रीस मांडताही येत नाही. वाजवी खबरदारी घेतली असती तर जे कळले असते, तेही त्याला ठाऊक होते असेच धरले जाते. म्हणजे डोळे मिटून घेणे ही सबब ठरत नाही.

परंतु हे कलम व्यापाऱ्यापुरतेच आहे. फुकट देणारा त्यातून सुटतो. कायदा जेथे थांबतो, तेथे ईमानाची कसोटी लागते.

बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. प्रेषितांचा (स.) आक्षेप भिजण्यावर नव्हता, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, यावर होता. गादीचेही तसेच आहे. ढेकूण होणे हा गुन्हा नव्हे. ते शरमेपोटी लपवून दुसऱ्याच्या माथी मारणे हा गुन्हा आहे. शिवाय जी वस्तू आपण स्वतः डोळे झाकल्याशिवाय स्वीकारणार नाही, ती दान करू नये, अशी कुरआनची ताकीद आहे.

ढेकूण अन्नावाचून कित्येक महिने जगतात. दान घेणाऱ्या घराची झोप त्यांच्यामुळे उडते आणि फवारणीचा खर्च ज्याला मुळीच परवडत नाही, त्याच्यावरच तो येऊन पडतो.

म्हणून वाचकहो, कपडे व चादरी देण्यापूर्वी साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. गादी टाकायचीच असेल तर ती फाडून निरुपयोगी करा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि उचलणाऱ्याला कारण सांगा. पाहुणे म्हणून जाण्यापूर्वी यजमानालाही कल्पना द्या. क्षणभर संकोच वाटेल. पण दुसऱ्याच्या घराची शांती ही आपल्या हाती असलेली अमानत आहे, आणि तिचा हिशेब अल्लाहपुढे द्यावयाचा आहे.