मैत्रीची वारसनोंद

आमच्या जुन्या वर्गाच्या परवाच्या स्नेहमेळाव्याची छायाचित्रे एव्हाना सर्वांच्या दृष्टीस पडली आहेत, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या त्या वर्गबंधूंना फेटे कोणी बांधले आणि पंगत कशी उठली, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. मला बोचली ती श्रद्धांजली. दिवंगतांची नावे उच्चारून सारे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले, आणि त्यांतील एकाच्याही घरचे माणूस मंडपात नव्हते.

कारण विचारले, तर उत्तर आले, "नंबर सापडला नाही." आंबिया बहाराच्या संत्र्याला वरूडच्या बाजारात काय भाव फुटला हे ज्याला सकाळच्या चहाआधी ठाऊक असते, भाचीसाठी स्थळ पाहताना जो मुलाच्या आजोळाच्याही आजोळापर्यंत जाऊन पोचतो, बांधावरच्या हातभर जमिनीसाठी जो भूमी अभिलेखाच्या दप्तरातून आजोबांच्या काळचा नकाशा काढवून आणतो, त्याला चार गल्ल्यांपलीकडच्या वहिनींचा ठाव लागू नये! घर तेच आहे, दारातला कडुनिंबही तोच आहे. रोज पहाटे फुलांची चित्रे शंभर जणांना धाडणारी बोटे याच दहा अंकांपाशी कशी अडतात? वय, गुडघे, घरच्यांशी ओळख नसणे, या सबबीही कानी आल्या.

त्यांतली ओळखीची सबब तर निखालस खोटी आहे. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ १९८३ मध्ये मिळाले. त्याआधी आमच्या पदव्यांवर नागपूरची मुद्रा असे, आणि मोर्शी-वरूडची पोरे, कोणी विदर्भ महाविद्यालयात तर कोणी शिवाजी महाविद्यालयात नाव घालून, अमरावतीत एकेका खोलीत चौघे राहत. एकाच्या घरून एसटीने आलेला डबा चौघांत संपे, आणि हे कळल्यावर ती माउली भाकरी चौघांच्या हिशेबाने थापू लागे. आपण ऋणको झालो ते त्या अख्ख्या घराचे. मित्राबरोबर त्याचे घरही येतेच; हार्वर्डला १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यास आरंभ झाला, आणि पुढे त्या संशोधकांनीही विद्यार्थ्यांच्या बायकामुलांना अभ्यासात सामील करून घेतलेच.

खातेदार वारला म्हणजे तलाठ्याच्या दप्तरी त्याचे नाव नुसते कमी होत नाही. फेरफार होऊन सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात. आपल्या यादीत मात्र नावामागे 'कै.' लागले की खातेच बंद होते, आणि ज्या बाईने आपल्याला वीस दिवाळ्या चिवडा वाढला ती एका दिवसात परकी ठरते.

ज्यांना खरोखरच चालवत नाही त्यांना माझा दोष नाही. त्यांनी पोस्टकार्ड टाकावे. फोन केला तरी चालेल. बाकीच्यांनी मोर्शीच्या बसस्थानकावर उतरून पहिल्या पानठेल्यावर मित्राचे नाव सांगावे. नंबर तिथे कोणी विचारणार नाही. घर दाखवायला एखादा पोरगा सोबत येईल.