नाक्यावरचा परका मजूर आणि आपला धम्म



सकाळी कोणत्याही मोठ्या शहराच्या मजूर नाक्यावर जाऊन पाहा. थापी, करवत, ब्रश, घमेले घेऊन माणसे उभी असतात. कोणी बिहारचा, कोणी तेलंगणाचा, कोणी बीड-परभणीकडचा. मुकादम येतो, धडधाकट पाहून दोघाचौघांना निवडतो. बाकीचे उभेच राहतात. दहा वाजून गेले की त्या दिवसाची रोजी बुडाली.

ही माणसे पाहून आपल्या मनात काय येते? ‘हे बाहेरचे आले आणि आमच्या पोरांचे काम गेले,’ असे आता आपल्या वस्त्यांतूनही बोलले जाते. विहारात त्रिशरण-पंचशील घेणाऱ्या तोंडातून हे शब्द निघतात, म्हणून ते धम्माच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजेत.

ही तक्रार पोकळ नाही. आपल्या घरातील तरुण दुपारी रिकाम्या हाताने परततो, ती भूक खरी आहे. परंतु तथागतांनी आपल्याला दुःखावर नुसते रडायला नव्हे, दुःखाचे कारण शोधायला शिकविले. बाहेरचा मजूर कमी दरात का जातो? त्याला खोली नाही, रेशन नाही, ओळखपाळख नाही, भाषा येत नाही. मजुरी बुडविली तर दाद कोठे मागावी हे त्याला ठाऊक नाही. ठेकेदार त्याचे श्रमच नव्हे, तर त्याची असहायताही विकत घेतो. त्याला आपल्याइतकाच हक्क मिळाला, तर त्याला स्वस्तात राबविता येणार नाही आणि आपल्या मुलाचा दरही पडणार नाही. म्हणजे आपल्या दराचा शत्रू तो परका मजूर नसून त्याची हक्कहीनता आहे.

हा हक्क त्याला कायद्याने आहे काय? आहे. भारताच्या कोणत्याही भागात जाण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिले, आणि २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार बंद केली. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी मोठी बांधकामे चालू होती. तेथे राबणाऱ्या मजुरांचा किमान रोज सव्वानऊ रुपये होता. जमादार त्यातून रोजी एक रुपया कापून घेत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे हीदेखील वेठच होय, कारण भूक माणसाला बांधून टाकते, असा निर्णय न्यायालयाने दिला. एका रुपयाचा प्रश्न, परंतु तो माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ठरला.

न्यायालयाने जे कायद्याने सांगितले, ते आपले दुसरे शील केव्हाचेच सांगत आहे. जे दिलेले नाही ते घेणार नाही, असे आपण म्हणतो. मग दिवसभर राबवून घेऊन संध्याकाळी ‘उद्या ये’ म्हणणे, ठरलेल्या पैशातून शंभर रुपये कमी हातावर ठेवणे, ही चोरी नव्हे काय? खिसा कापणारा चोर, आणि रोज कापणारा मात्र शेठ, हा भेद धम्मात नाही.

आपल्यालाही कोणी परके मानले होते, हे विसरू नका. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे गाव सोडून गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला आले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तेथे अस्पृश्यांना घेत नसत. सुताला तोंड लावावे लागते, विटाळ होईल, अशी सबब होती. आणि ही अडवणूक एकट्या मालकाची नव्हती. सवर्ण कामगारांचीही होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला. कामगाराने कामगाराला ‘तू आमचा नव्हेस’ म्हटले की काय होते, हे आपण भोगले आहे. आज आपण तेच शब्द दुसऱ्याला ऐकवावेत काय? आणि उद्या आपलेच भाऊ उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून कर्नाटकात ऊस तोडायला जातील, तेव्हा तेथे ‘बाहेरचे’ तेच असतील.

८ मे २०२० चा दिवस आठवा. टाळेबंदीत काम गेले म्हणून जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या घराकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. रुळावर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. ज्यांनी आपल्या भिंती उभ्या केल्या, त्यांना त्या संकटात आपल्या भिंतीआड जागा नव्हती.

सिगालोवाद सुत्तात सहा दिशांना हात जोडणाऱ्या तरुणाला तथागतांनी सांगितले की, खालची दिशा म्हणजे आपले सेवक व मजूर. त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. मजुरानेही काम इमानाने करावे, असे तेथेच सांगितले आहे. पण तो कोणत्या प्रांताचा, हे तथागतांनी विचारले नाही.

म्हणून घराला रंग द्यायचा असो की वर एक खोली चढवायची असो, मजुरी सकाळी ठरवा आणि संध्याकाळी पुरती द्या. त्याला पाणी आपल्याच पेल्यात द्या. त्याला लागले-खुपले तर दवाखान्यात न्या. कोणी त्याची मजुरी बुडवीत असेल, तर तुमच्यातील लिहिता-वाचता येणाऱ्याने त्याचा अर्ज लिहून द्यावा. शाळेत मिळविलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. आपल्या मुलांनाही नाक्यावर त्याच्याशेजारी उभे राहून एकच दर मागायला सांगा.

सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतली. ती रोज संध्याकाळी मजुरी देण्याच्या वेळी पाळायची असते.

जयभीम!