बांधापलीकडची आग

माघ सरत आला की कोकणात आणि घाटमाथ्यावर गवत वाळते, आणि रात्री डोंगरावर वणव्याच्या रांगा दिसू लागतात. कुणीतरी बांध साफ करायला एक काडी ओढलेली असते. दुपारचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याची काजूची बाग होरपळते, ठिबकच्या नळ्या वितळतात, बैलांसाठी ठेवलेल्या गवताची गंजी जाते. त्यावर उत्तर मिळते : “मी माझ्याच जमिनीत लावली होती.”

हे उत्तर मला मान्य नाही.

आग लावणे हेच पाप, असे मी म्हणत नाही. भात लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने भाताच्या रोपांच्या वाफ्यासाठी पिढ्यानपिढ्या राब भाजला आहे. शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून वर माती घालायची, भोवतालचे गवत झाडून घ्यायचे, वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचे म्हणजे आग सावकाश सरकते, आणि ती निवेपर्यंत जागा सोडायची नाही. वनखातेही उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते : पट्ट्यातले गवत कापून माणसांच्या देखरेखीखाली जाळायचे, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला तिथे खायला काही उरत नाही. ही विद्या आहे आणि तिचा गाभा संयमाचा आहे. पुढच्या वर्षी गवत चांगले येईल म्हणून अख्खा डोंगर पेटवून घरी निघून जाणे या विद्येत बसत नाही. हिरवे कोंब फुटतात ते जमिनीतल्या जिवंत मुळांमुळे. उघड्या पडलेल्या उताराची माती मात्र पहिल्या पावसात ओढ्याला जाते.

विद्या असूनही चूक होते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ६ एप्रिल २०२२ रोजी तिथल्या वनसेवेने जंगलातला सुका पाला कमी करण्यासाठी ठरवून आग लावली. वाऱ्याने ती हाताबाहेर गेली. त्याच खात्याने जानेवारीत जाळलेले लाकडांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले होते, तेही एप्रिलमध्ये भडकले. दोन्ही आगी एकत्र येऊन सुमारे ३ लाख ४१ हजार एकर प्रदेश जळाला, शेकडो घरे गेली. प्रशिक्षित माणसे होती, लेखी योजना होती, हेतू चांगला होता. तरी सरकारने जबाबदारी स्वीकारली, कायदा करून भरपाई दिली आणि वनसेवेने देशभरातली नियोजित आग ९० दिवस थांबवून आपली पद्धत तपासली. काडी ओढणाऱ्याचे देणे शेवटचा निखारा विझेपर्यंत संपत नाही. आपल्या बांधावरच्या माणसालाही हाच न्याय लागू व्हायला हवा.

पण काडी न ओढणाऱ्यांचे काय? कोकणातली कितीतरी जमीन मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर आठ-दहा नावे, वाटणी झालेली नाही, त्यामुळे गवत कापायचे कुणी हे ठरत नाही. ते कमरेएवढे वाढून उभे राहते आणि पलीकडच्या वाडीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरापर्यंत आगीला वाट करून देते. मालकाने काहीच केलेले नसते, आणि तोच त्याचा दोष असतो. गणपतीला गावी येऊन घराला रंग काढणाऱ्याने बांधावरच्या गवताचाही विचार करावा.

भारतीय वन अधिनियम १९२७ चे कलम ७९ सांगते की राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना हक्क आहेत किंवा तिथून लाकूड वा चारा नेण्याची ज्यांना परवानगी आहे, त्यांनी वणव्याची खबर तातडीने द्यावी आणि आग विझवायला लागावे. ज्या डोंगरातून आपण घेतो, त्याच्या राखणीची जबाबदारीही आपल्यावर येते, हे कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या सुमारास लिहून ठेवले. खासगी डोंगरावर हे पाळायला कलमाची वाट कशाला बघायची?

उन्हे तापायच्या आत भावकीने फोनवर तरी एकत्र यावे. गावात राहणाऱ्याला मजुरी पाठवून हद्दीवरचे गवत काढून घ्यावे, घर-गोठ्याभोवतीची जागा मोकळी ठेवावी. जाळणे अटळच असेल तर शेजाऱ्याला आधी सांगावे, वारा पडलेल्या सकाळी, चार माणसे आणि भरलेली पिंपे हाताशी ठेवूनच पेटवावे. राखेत हात घालता येईपर्यंत तिथून कुणी हलू नये.