केस, गोळी आणि खरेपणा



विवाहपूर्व शिबिर संपल्यावर एक तरुण मागे थांबला. सगळे निघून जाईपर्यंत तो खुर्च्या गोळा करीत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "फादर, केस गळू नयेत म्हणून गोळी घेणे पाप आहे का?" आम्हाला हसू आले, पण त्याचा चेहरा पाहून आम्ही ते आवरले. गेली दोन वर्षे तो रोज ही गोळी घेत होता. तीन महिन्यांनी ज्या मुलीशी त्याचे लग्न व्हायचे होते, तिला मात्र हे ठाऊक नव्हते. त्याच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत.

हसू आले ही आमची चूकच झाली. टक्कल हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे. बेथेलच्या वाटेवर पोरांनी अलीशा संदेष्ट्यालाही टकल्या म्हणून चिडवले होते. आपणही तेच करतो आणि चिडवून घेणारा औषध घेऊ लागला की त्याला नटवा म्हणतो. आमचेच पाहा. पूर्वी धर्मगुरुपदाच्या वाटेवरील तरुणांच्या डोक्यावरचे केस विधिपूर्वक कापत. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली ही प्रथा बंद केली. आधीच्या पिढ्यांनी जे स्वखुशीने दिले, त्यातले उरलेसुरले आम्ही मिस्सेपूर्वी आरशासमोर इकडून तिकडे ओढत असतो. तेव्हा त्या तरुणाला उपदेश करण्याआधी प्रश्न नीट समजून घेणे भाग होते.

फिनास्टेराइड हे त्या औषधाचे नाव. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचे संप्रेरक तयार होते. ज्यांच्यात आनुवंशिक कल असतो, त्यांच्या डोक्यावरच्या केसांची मुळे त्यामुळे हळूहळू दुबळी होतात. ही गोळी डीएचटीचे प्रमाण घटवते. अमेरिकेत १९९२ साली ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी मंजूर झाली आणि १९९७ साली १ मिलिग्रॅमची केसांसाठी. अनेकांना तिचा उपयोग होतो, पण गोळी थांबवली की वर्षभरात मिळालेला लाभ जातो. म्हणजे एकदा सुरू केली की ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते.

दुसरी बाजूही आहे. काही थोड्या पुरुषांची कामेच्छा कमी होते किंवा शरीरसंबंधात अडचण येते. बहुतेकांचा हा त्रास गोळी थांबवल्यावर जातो, पण तो पुढेही राहिल्याच्या तक्रारी आल्याने अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ साली तशी सूचना माहितीपत्रकात घालायला लावली. मन खिन्न होण्याच्याही तक्रारी आहेत आणि आत्महत्येचे विचार येणे हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध संस्थेने २०२५ साली मान्य केले. शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रक्ताची जी पीएसए चाचणी करतात, तिचा आकडा या गोळीमुळे सुमारे निम्मा दिसतो. डॉक्टरांना गोळीची माहिती नसेल तर त्यांची फसगत होऊ शकते.

आता पापाचा प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांनी नटण्यासजण्याचा विचार करताना एक भेद सांगितला आहे. आपल्यात नसलेल्या सौंदर्याचे सोंग आणणे वेगळे आणि आजारासारख्या कारणाने आलेले वैगुण्य झाकणे वेगळे. दुसऱ्यात दोष नाही. मग टक्कल कशात मोडते? तो धड आजार नाही आणि त्याचे दुःख खोटेही नाही. आम्हाला वाटते की हा वाद इथे निर्णायक नाही. गोळी घेणारा सोंग आणीत नाही, तो आपलेच केस राखतो. देवाने दिलेल्या शरीराची निगा राखण्यात पाप नाही. विशीतल्या मुलाला आरशासमोर उभे राहणे नकोसे होत असेल, तर त्याने डॉक्टरांकडे जावे. मित्राने सांगितले म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या मात्र आणू नयेत.

पण त्या तरुणाला टोचत होती ती लपवाछपवी. "केसांना कलप लावणारे कुठे सांगत फिरतात?" असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पतिपत्नींनीही एकमेकांना प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे असे नाही. परंतु कलप डोक्यावर राहतो. या गोळीचा त्रास झालाच, तर तो दोघांच्या एकांतात होतो. पती का दुरावला, का उदास झाला, हे पत्नीला कळणार नाही आणि ती स्वतःलाच दोष देत बसेल. ज्या गोष्टीची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागू शकते, ती त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा हक्क आपल्याला नसतो. विवाहात आपण एकमेकांना देह देतो, आणि दिलेली वस्तू कशी आहे हे सांगणे त्या देण्यातच येते.

शिवाय लपवण्यामागे एक भीती असते: खरा मी कळलो, तर ती मला नाकारेल. ही भीती गोळीने जात नाही. उलट, केस जितके टिकतील तितकी ती वाढते, कारण तिचे प्रेम केसांवर आहे की आपल्यावर, हे कधी कळतच नाही.

आम्ही त्या तरुणाला गोळी बंद कर असे सांगितले नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. तिला सांग, एवढेच म्हटले. पंधरवड्याने तो पुन्हा भेटला. त्याने तिला सांगितले होते. केसांचे ऐकून तिला काहीच वाटले नव्हते, पण दोन वर्षे लपवले म्हणून ती दोन दिवस बोलली नव्हती. मग दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले. पुढे गोळीचे काय ठरले, ते आम्ही विचारले नाही.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. कोणाच्या टकलावर विनोद सुचला तर तो गिळून टाकू या. आणि जवळच्या माणसापासून लाजेपोटी लपवलेले असे काही असेल, ज्याचा भार त्याच्यावरही पडतो आहे, तर ते त्याला शांतपणे सांगू या.