जामीन राहायचे तर

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझ्या भाचीची काजू प्रक्रियेची छोटी शेड आहे. काजूबी उन्हाळ्यात मिळते आणि वर्षभर पुरेल एवढी तेव्हाच घेऊन ठेवावी लागते. म्हणजे पैसे आधी अडकतात आणि गर विकला जाईल तसे सुटतात. यंदा बीचा भाव चढला, गराचा चढला नाही. शेड चालवावी की थांबावे, हे ठरवायचे होते. माझे मत पक्के होते: उद्योजक चारित्र्याने घडतो, आणि त्या चारित्र्याचा कणा चिकाटी. म्हणून मी शेजारचेच उदाहरण काढले.

मी : इथेच गद्रे मरीन आहे. १९७८ साली सुरुवात झाली. ज्या सुरिमीसाठी आज ती ओळखली जाते, ती आली १९९४ मध्ये. मधली सोळा वर्षे बघ. सुरिमी म्हणजे राणी माशाचा खिमा गार पाण्यात पुन्हापुन्हा धुवायचा, पिळायचा, साखर मिसळून लाद्या गोठवायच्या. हे मूळचे जपानी तंत्र. आपल्या किनाऱ्यावर तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद. अशा धंद्यात टिकायला नुसती हुशारी पुरत नाही.

ती : त्या सोळा वर्षांत हप्ते कसे भरले गेले, तंगीत कोण पाठीशी उभं राहिलं, हे तुला माहीत आहे?

मी : नाही.

ती : मग तू मला अर्धी गोष्ट सांगतोयस. आणि बंद पडलेल्या शेडवाल्यांची तर कुणी सांगतच नाही. कुलूप लागायच्या आदल्या दिवशीही त्यातला एखादा मशीनला तेल घालत असेल. त्याच्यात काय कमी होतं?

मी : बरं, लक्ष्मणराव किर्लोस्कर घे. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावात केलेले पहिले नांगर नुसते पडून राहिले. माणूस हटला नाही, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ती : औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली म्हणूनही उभी राहिली. चिकाटीच्या मागे संस्थानिक होता, मामा.

मी : पण तो का आला? त्याने माणूस ओळखला.

ती : ओळखायला भेट तरी व्हायला हवी. मी पतसंस्थेत जाते तिथे फॉर्मवर चारित्र्याचा रकाना नसतो. तारण असतं, दोन जामीनदार असतात. आणि लक्ष्मणरावच हवे असतील तर पूर्ण घे. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकत होते. सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर चित्रकला सोडली. तिथे चिकाटी धरली असती तर?

लक्ष्मणरावांचा हा प्रसंग मला ठाऊक होता, पण सोडण्याचे उदाहरण म्हणून मी त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते. मी म्हटले, दिशा बदलणे वेगळे आणि पाय काढणे वेगळे. ती म्हणाली, हा फरक दहा वर्षांनी दिसतो, आज माझ्या वहीत दिसत नाही. मग ती मुद्द्यावर आली, आणि आमचा वाद तिथे बराच वेळ अडला.

ती : साल काढणाऱ्या बायकांना मी किलोवर पैसे देते. मी आणखी एक वर्ष रेटलं आणि त्यांची मजुरी थकली, तर ती चिकाटी माझी नाही, त्यांच्या चुलीतली आहे. आईची बाग तारण आहे. ती चिकाटी आईची. माझं स्वतःचं काय पणाला आहे? नाव. ते तर बुडालं तरी परत कमावता येतं.

मी : शेड बंद केलीस तरी त्यांचं काम जाणारच.

ती : काम गेलं तर त्या दुसऱ्या शेडवर जातील. केलेल्या कामाचे पैसे बुडाले तर कुठे जातील?

मी : धोका न घेता कोणता उद्योग झालाय?

ती : धोका घ्यायला माझी ना नाही. पण ज्यांचा घेते त्यांना विचारलंय का, एवढंच.

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आपल्याकडे उद्योगाची पुस्तके नायकाच्या जिद्दीवर पाने भरतात आणि मजुरी थकलेल्या माणसाला एक ओळही देत नाहीत. ही उणीव मला गंभीर वाटते. पण मी हार मानली नाही, दुसरीकडे वळलो.

मी : हा स्वभाव शिकता येतो, एवढं तरी मान्य कर. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ साली काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं. नंतर पाहणी केली तेव्हा शिकलेले लोक धंद्यात जास्त हालचाल करताना दिसले. आपल्याकडे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून हेच काम करतंय.

ती : मॅक्लेलंड यांचाच खुंटीवर कड्या टाकण्याचा खेळ आम्हाला प्रशिक्षणात खेळवला होता. ज्यांना काही करून दाखवायची ओढ असते ते खुंटीच्या अगदी जवळ उभे राहत नाहीत आणि फार लांबही जात नाहीत. जिथून जमेल पण कस लागेल, अशी जागा स्वतः निवडतात. तू मला लांब उभी करून म्हणतोयस, टाकत राहा.

मी : मग तू कुठे उभी राहणार?

ती : बी निम्मीच घेणार. मजुरीचे पैसे हंगामाआधी वेगळ्या खात्यात टाकणार, त्याला हात लावणार नाही. दिवाळीपर्यंत गराला भाव आला नाही तर मशीन विकून आईची बाग सोडवणार. हे पतसंस्थेला आत्ताच सांगून आलेय, हप्ता चुकायच्या आधी.

मी : मी चारित्र्य म्हणतो ते हेच.

ती : असेल. पण एक जामीनदार कमी पडतोय. तुझा चिकाटीवर एवढा विश्वास आहे, तर राहतोस जामीन?

मी दोन दिवस मागून घेतले. घरात बोललो, माझ्या पेन्शनचा हिशेब मांडला. मग जामीनपत्रावर सही केली. कर्जाचा आकडा तिने घातला. मी जेवढ्याला तयार होतो, त्याच्या निम्मा.