आधी कात, मग नौका

जानेवारी १९५९. न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ऱ्होड आयलंडच्या क्लिंटन आणि एव्हरेट पीअर्सन या चुलतभावांनी २८ फुटी शिडाची नौका मांडली. नाव ट्रायटन, आराखडा मूळच्या स्वीडिश कार्ल आल्बर्गचा, किंमत दहा हजार डॉलरांच्या आत. प्रदर्शन संपेपर्यंत १७ गिऱ्हाइकांनी पैसे भरले आणि पुढे सातशेहून अधिक ट्रायटन तयार झाल्या. ही नौका लाकडाची नव्हती. तिचे धड म्हणजे काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझीन यांची एकसंध काया होती: ना फळ्या, ना सांधे, ना कुजण्याची धास्ती.

त्यांतल्या बहुतेक नौका आता साठी ओलांडून गेल्या आहेत. त्यांची धडे कुजली नाहीत हे खरे. पण किनाऱ्यावर टेकूंवर उभ्या केलेल्या अशा एखाद्या नौकेवरून हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. उन्हाने वरचा थर जाळलेला असतो. मालक पॉलिश पेपर घेऊन कामाला लागतो आणि दोन-तीन दिवसांनी, खांदे भरून आल्यावर, त्याच्यापुढे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उभा राहतो. आपण नेमके काय खरवडतो आहोत? नौका, की नौकेवरचे काहीतरी?

असा प्रश्न निघाला की ग्रीकांच्या थिसियसचे जहाज हमखास आठवते. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की अथेन्सचे लोक त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या बदलत राहिले आणि ते तेच जहाज राहिले का, यावर तत्त्वज्ञ भांडत बसले. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला रथावरून असेच पेचात पकडतो: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी ‘रथ’ हे सगळ्या भागांच्या आधाराने पडलेले व्यवहारातले नाव आहे, हे त्याला मान्य करावे लागते.

ट्रायटनपुढे मात्र हे दोन्ही दाखले लंगडे पडतात. तिच्या धडाला बदलण्यासारखे सुटे भागच नाहीत. झिजते ती फक्त कांती.

आणि या कांतीची जन्मकथा उफराटी आहे. घर बांधताना भिंत आधी, रंग शेवटी. तांब्याच्या पातेल्याला कल्हई होते तीसुद्धा पातेले घडल्यावर. फायबरग्लासची नौका उलट्या क्रमाने जन्मते. नौकेच्या आकाराचा पोकळ साचा घेतात, त्याच्या आतल्या अंगाला मेण चोळतात आणि त्यावर पहिल्यांदा फवारतात तो जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझीनचा जेमतेम अर्धा मिलिमीटर थर. तो आळला की आतून काचतंतूंच्या चटया आणि जाड विणीचे कापड रेझीनमध्ये भिजवून एकावर एक बसवत जातात. शेवटी साच्यातून नौका बाहेर काढली की जेलकोट जगाला पहिल्यांदा दिसतो. थोडक्यात, कात आधी आणि अंग नंतर.

भारतीय विचाराची सवय याच्या नेमकी उलट आहे. गीतेत देह हे जीर्ण वस्त्र, टाकून नवे घ्यायचे. तैत्तिरीय उपनिषदात अन्नमय कोशापासून एकेक आवरण ओलांडत आत आत जायचे, कारण सत्य आत आहे. बाहेरचे ते वरवरचे, हे आपण इतके गृहीत धरतो की ‘वरवरचे’ या शब्दालाच कमीपणा चिकटला आहे. पॉलिश पेपर घासणाऱ्याला आत जाताना सापडते ते मात्र नंतर घातलेले, काचतंतू दिसू लागलेले खडबडीत अंग. तिथे पोचणे म्हणजे काम बिघडणे. जेलकोट संपला की चमक परत आणता येत नाही. मग इपॉक्सी प्रायमर, लांबी, पुन्हा घासाई आणि वर दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचे हात, एवढाच मार्ग उरतो. हा रंग अनेकदा दोघे मिळून लावतात. एकजण रोलर फिरवत पुढे जातो, दुसरा ओल्या रंगावरून ब्रशचे टोक हलकेच ओढत मागून येतो. रंगातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्यामुळे तोंडावर योग्य मुखवटा हवाच. इथे वैराग्य दाखवून भागत नाही.

आतही सगळे शुद्ध असते असे नाही. फायबरग्लासच्या बऱ्याच जुन्या नौकांना पाण्याखालच्या भागावर फोड येतात. पाणी जेलकोटमधून अगदी सावकाश झिरपते, आत राहून गेलेल्या विरघळणाऱ्या रसायनांशी मिळते, दाब वाढतो आणि कात फुगते. फोड टोचला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. वर्षानुवर्षांनी वर आलेला दोष साच्यातल्या त्या दिवसाचाच असतो. त्याला प्रारब्ध म्हणण्याचा मोह होतो खरा, पण मोहच तो. त्यावर उपाय आहे: थर सोलायचा, नौका काही महिने सुकू द्यायची आणि पाणी अडवणारे इपॉक्सीचे लेप चढवायचे.

लेप हा शब्द मराठी वाचकाला थेट देवळात नेतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले असे जिन्नस पाण्यात उकळून अष्टमांश काढा करायचा, त्यात गुग्गुळ, राळ, जवस, बेल मिसळायचे आणि गरम असताना मूर्तीला किंवा भिंतीला लावायचे. टिकण्याची मुदत त्याने दिली आहे एक कोटी वर्षे! आजचा कोणताही रंगवाला इतकी हमी देणार नाही. पण राळ म्हणजे रेझीनच. झाडाची असो वा कारखान्यातली, झिजणाऱ्या वस्तूवर चिकट रस चढवून काळाला थोपवण्याची युक्ती तीच आहे.

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन २०१५ साली झाले, पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीलाही असे लेप दिले गेले आणि दोन्ही वेळा वाद झाले. शास्त्राचे उत्तर खरे तर तयार आहे. जीर्णोद्धाराच्या विधीत देवत्व कलशात नेतात, मूर्ती दुरुस्त करतात आणि मग ते परत आणतात, म्हणजे देव पृष्ठभागात नाही. भाविकाला हे पटतेच असे नाही. पंढरपूरला पायांवर डोके टेकवून दर्शन होते आणि त्या स्पर्शाने पाय झिजतात. मग झीज हा दोष, की लाखो कपाळांची नोंद? लेप दिला नाही तर मूर्ती जाते. दिला तर ती नोंद झाकते.

सातशे ट्रायटनांचा पेच याच जातीचा आहे. आकार एक, आराखडा एक. मग ही नौका त्या नौकेहून वेगळी कशाने? वैशेषिकांनी ‘विशेष’ नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला, पण तो परमाणूंसारख्या नित्य द्रव्यांसाठी. घट आणि पट वेगळे ठरतात ते अवयवांच्या भेदाने. ट्रायटनच्या बाबतीत हा भेद पुष्कळसा तिच्या अंगावर असतो: धक्क्याला घासून पडलेली रेघ, नांगराच्या साखळीने उडालेला टवका, एका बाजूने जास्त विटलेला रंग. आरशासारखी चमक आणण्याच्या नादात हेच सगळे पुसले जाते आणि नौका साच्यातून निघाली त्या दिवसासारखी, म्हणजे बाकीच्या सातशेंसारखी, दिसू लागते. शिवाय प्रत्येक पॉलिश जेलकोटचा थोडा भाग खाते. ज्या भेगेतून पाणी शिरेल ती भरलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण उथळ ओरखड्यामागे कागद घेऊन लागणे हा निव्वळ हट्ट आहे, आणि त्यात नौकेचे नुकसानच जास्त.

जेम्स बाल्डविन या अमेरिकन दर्यावर्दीने ‘ॲटम’ या १९६३ च्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. आतले इंजिन त्याने काढून टाकले, बरेच काही नव्याने घडवले, आणि तरी कुणी तिला दुसरी नौका म्हटले नाही. तिला बनवणारी पीअर्सन कंपनी १९९१ साली बंद पडली. तिच्या कितीतरी ट्रायटन अजून पाण्यात आहेत.